फाडलेलं पान सोळा

माझी मावशी कपडे शिवते. हे वाक्य तिच्यासमोर म्हणायची सोय नाही. ती कात्री खाली ठेवते, चष्म्यावरून बघते आणि म्हणते, "शिवतं ते मशीन. मी बेतते." सदुसष्ट वर्षांची आहे. गळ्यात टेप नसली तर तिला चारचौघांत उघडं उघडं वाटतं, म्हणून ती दवाखान्यात जातानासुद्धा टेप घालून जाते. डॉक्टरांच्या कोटाची बाही अर्धा इंच लांब आहे, हे तिनं त्यांना तपासायच्या खाटेवर आडवं पडून सांगितलं होतं.

तिचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. मधोमध दार काढून आडवं टाकावं एवढं मोठं टेबल, कोपऱ्यात टवका उडालेला उभा आरसा, खिडकीत इस्त्री आणि खिडकीखाली अण्णा. अण्णा म्हणजे मावशीचे यजमान. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि रोज शाळा सुटल्यावर येऊन मावशी सांगेल ती मापं वहीत लिहिली. ते अजून साडेसतरा हा आकडा सतरापुढे दोन उभे दंड देऊन लिहितात आणि सव्वाला एक दंड देतात. बिंदू देऊन अपूर्णांक लिहिणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नाही.

या वह्यांना दोन नियम होते. पहिला, गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं नाही. फार पूर्वी एकाच नावाच्या दोन गृहस्थांच्या विजारी मावशीकडून बदलल्या गेल्या. एक गृहस्थ पिंपासारखे होते आणि दुसरे काठीसारखे. दोघंही लग्नाच्या मांडवातून परत आले, एक विजार धरून आणि दुसरा पोट धरून. त्या दिवसापासून मावशीनं नावांचं नाव टाकलं. ती माणसाचं काहीतरी बघायची आणि तेच लिहायला सांगायची. 'छत्री विसरणाऱ्या बाई.' 'दोन्ही खिशांत चष्मा.' 'हसताना डोळे मिटणारा.' दुसरा नियम जास्त कडक होता. माप लिहायचं, उणं लिहायचं नाही. गिऱ्हाइकं टेबलावर ओणवून उलटी अक्षरंसुद्धा वाचतात. पोट सुटलंय, पाठीला बाक आहे, एक पाय आखूड आहे असले शब्द त्या एकोणीस वह्यांत कुठेही सापडायचे नाहीत. "आकड्याला काय कळायचं ते कळतं. माणसाला कशाला टोचायचं?" असं मावशी म्हणायची.

माप घेताना ती आकडे मोठ्यानं सांगायची आणि मधेच कधीतरी हातातला खडू टेबलावर दोनदा आपटायची. धूळ झाडत असेल, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो.

आता माझ्याबद्दल. मी कॉम्प्युटरवाला आहे आणि मला घरात 'शहाणा' म्हणतात. हे कौतुक आहे की टोमणा, याचा निकाल अजून लागायचाय. मला राग लवकर येतो, पण माझा राग बहुतेक वेळा योग्य जागी असतो. उदाहरणार्थ, तयार शर्ट. सातवीत झाडावरून पडून खांद्याचं हाड मोडलं होतं, तेवढं सोडलं तर माझ्या बांध्याविषयी तक्रारीला जागा नाही. तरी आजवर एकही तयार शर्ट माझ्या अंगावर नीट बसलेला नाही. कॉलर एका बाजूला सरकते. एका वर्षात मी नऊ शर्ट परत केले. दुकानदार मला लांबून बघून गोदामात जातो. कारखान्यात लोक झोपा काढत शिवतात, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी मावशीला नेहमी ऐकवायचो. ती लगेच मान डोलवायची. "हो रे बाबा, आंधळे असतात मेले." तिचे कपडे मात्र मला असे बसायचे की लोक मागे वळून बघत.

वाचनालयात दर रविवारी सकाळी मी मोठ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवतो. फुकट. वाचनालयानं एकाच बाजूनं छापलेल्या वीस पानांची एक पुस्तिका दिली होती. वर्ग सुरू व्हायच्या आधी मी ती चाळली आणि सोळावं पान सगळ्या प्रतींमधून फाडून टाकलं. त्या पानावर खाक्यानं शोधायची रीत होती. म्हणजे नेमका शब्द टाकून नव्हे, तर तो कसा दिसतो ते सांगून शोधायचं. इथं कोणताही आकडा, इथं एक किंवा जास्त अक्षरं, मग एक तिरकी रेघ, असं. आम्ही लोक हे रोज वापरतो आणि रोज त्यात चुकतो. वाण्याला, परिचारिकेला, सुताराला हे कशाला? कंट्रोल दाबून एफ दाबता आलं की सामान्य माणसाचा जन्म सुखानं जातो. उगाच कंसाफुल्या दाखवल्या तर पुढच्या रविवारी वर्गात खुर्च्याच उरतील. हे माझं मत होतं आणि ते मी वाचनालयाच्या बाईंना चढ्या आवाजात सांगितलं होतं.

मावशी पहिल्या बाकावर बसायची. अण्णांनी निवृत्त झाल्यावर दोन वर्षं खपून एकोणीस वह्या एका फाइलमध्ये टाइप केल्या होत्या. एका गिऱ्हाइकाला एक ओळ, माप बदललं की जुनं काढून नवं, ओळीच्या शेवटी टाइप केल्याची तारीख, कारण वह्यांत साल नव्हतंच. सात हजार चारशे ओळी. त्यातलं हवं ते आपल्यालाच काढता यावं म्हणून ती शिकायला आली होती. पुस्तिका हातात पडल्याबरोबर तिनं अंगठ्यानं पानं मोजली. कापलेले तुकडे ती नेहमी मोजते. एक बाही कमी भरली तर कोट होत नाही.

"पंधरानंतर सतरा?" तिनं विचारलं. "सोळा कुठंय?"

"ते तुमच्या कामाचं नाही."

"अनुक्रमणिकेत तर आहे. 'खाक्यानं शोध.'"

"मावशी, ते फार किचकट आहे. तुला शब्द टाकून शोधता येतं ना? झालं तर."

"आणि शब्दच आठवत नसला तर?"

वर्गातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाणी म्हणाला, "बरोबर विचारतायत." मी म्हटलं, शब्द आठवत नसेल तर चहा प्यावा, आपोआप आठवतो. लोक हसले. मावशी हसली नाही. तिनं पुस्तिकेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं 'सोळा बाकी' असं लिहिलं. मला ते दिसलं आणि मी न दिसल्यासारखं केलं.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी मावशीच्या दुकानात एक मुलगी आली. मुलगी म्हणायचं ते आपलं मावशीच्या वयाला धरून. बाई पस्तिशीच्या होत्या आणि येत्या बुधवारी न्यायाधीश म्हणून शपथ घेणार होत्या. त्यांनी पिशवीतून एक कोट काढून टेबलावर ठेवला. तो आठ वर्षांच्या पोराला झाला असता.

"काकू, हा तुम्ही चौदा वर्षांपूर्वी माझ्या बाबांना शिवला होता. ते पोस्टमन होते."

"याचं असं कुणी केलं?"

"बाबांनीच. बुधवारसाठी स्वच्छ करतो म्हणाले आणि उकळत्या पाण्यात टाकून मशीन लावलं."

मावशीनं कोट हातात घेतला. तिचा चेहरा परिचितांच्या घरी समाचाराला गेल्यावर होतो तसा झाला. आतला अस्तर-कापूस गोळा होऊन खांद्यात गुठळ्या झाल्या होत्या. त्यातून काही उकलून बघावं अशी स्थिती नव्हती.

मग त्या बाईंनी खरं काय ते सांगितलं. पोस्टमनकाकांनी बत्तीस वर्षं डाव्या खांद्यावर थैली वाहिली. खांदा उतरला तो उतरलाच. पोरं चिडवायची, फोटोत ते नेहमी कुणाच्या तरी मागं उभे राहायचे. सगळ्या जन्मात एकच कपडा असा होता की जो घातल्यावर ते आरशासमोर थांबायचे. तोच आता हातरुमालाएवढा झाला होता. शपथविधीला आईवडिलांना मंचावर बोलावतात. आई आता नाही. आणि बाबा म्हणत होते, "तू हो पुढं. मी मागच्या रांगेत बसतो, तिथून छान दिसतं."

"मला ते वर हवेत, काकू," बाई म्हणाल्या. लवकरच दुसऱ्यांना शिक्षा सुनावणार होत्या त्या, पण इथं विनवत होत्या. "मागच्या रांगेत नकोत."

मावशी म्हणाली, "त्यांना उद्या घेऊन ये. मापाला काही नाही, माप मी डोळे मिटून घेईन. पण त्या खांद्याला सात फिटिंगं लागली होती. आत कुठल्या बाजूला भरावाचे किती पदर, कापूस की लोकर, हे सातव्या वेळी जमलं. आता सात फिटिंगांना दिवस कुठं आहेत? तेव्हाचं लिहिलेलं सापडलं पाहिजे."

"तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं, असं बाबा म्हणतात."

"असतं," मावशी म्हणाली आणि त्या बाई गेल्यावर खुर्चीत मटकन बसली. कारण असतं हे खरं होतं, पण चौदा वर्षांपूर्वी या माणसाला आपण काय म्हटलं होतं, ते तिला आठवेना.

तिनं रीतसर शोधलं. 'पोस्टमन' टाकलं, एकही नाही. 'थैली', नाही. 'पत्र' टाकल्यावर एक सापडलं, ते 'पत्रावळीसारखी टोपी' होतं. 'उतार' किंवा 'खांदा उतरता' टाकून बघण्यात अर्थच नव्हता. उणं लिहायचं नाही हा नियम तिचाच. 'खांदा' टाकलं तर सात हजार चारशे. 'पदर', 'लोकर', 'फिटिंग' हे तर शेकडो कोटांच्या ओळींत होतं. अण्णांना आठवेना. ते म्हणाले, "लिहिणाऱ्याचं लक्ष अक्षराकडं असतं." मग ते प्रायश्चित्त म्हणून पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. त्यांना 'हसताना डोळे मिटणारा' कोण ते आठवून हसू यायचं आणि ते पुढं जायचेच नाहीत. शुक्रवारी दुपारपर्यंत तीनशे ओळी झाल्या होत्या.

मला फोन आला. मावशी रागावली की फार थोडं बोलते. "पान सोळा घेऊन ये," एवढंच म्हणाली.

मी गेलो, पण पान न घेता गेलो. सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्या मनानं म्हटलं, "दे ती फाइल. मी उद्या एक छोटा प्रोग्राम लिहून देतो."

"उद्या तू देशील. परवा मला दुसरं काही लागलं तर?"

"तर परत मला सांग."

"अरे, मला एखाद्याच्या बाहीसाठी दर वेळी भाच्याचा दरवाजा वाजवायचा का? तुला सुई लागली तर मी तुला सुई देते. शिवून देते बस, असं म्हणते का?"

वास्तविक ती नेहमी शिवूनच देते. पण ही वेळ ते सांगायची नव्हती. मी खुर्ची ओढली आणि नाराजीनं शिकवायला बसलो. तोंडानं सांगितलं ते असं. टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर. त्यापुढे चांदणीसारखी फुली दिली की कितीही अक्षरं. चौकोनी कंसात जे लिहू त्यातलं कोणतंही एक, आणि कंसापुढे अधिकचं चिन्ह दिलं की ते एकदा किंवा अनेकदा. शोधायच्या चौकटीखाली एक बारीक चौकोन असतो, त्यात खूण केली की मशीन आपलं म्हणणं अक्षरशः न घेता खाका म्हणून घेतं.

मावशीनं टिंब, फुली, कंस खडूनं टेबलावर उतरवून घेतले. मग टेबलाच्या खणातून तिनं बाहीचा जुना कागदी खाका काढला, ज्यावर ठेवून कापड कापतात तो. त्याला मधे एक लांबट भोक होतं. "हे भोक कशाला आहे, माहितीये? इथं हाताचा दंड जाडा-बारीक होतो. बाकीचं सगळं ठरलेलं, एवढं सैल. तू हेच सांगतोयस ना? काय ठरलेलं ते लिहायचं आणि काय सैल सोडायचं ते कंसात घालायचं."

मला हे शिकायला कॉलेजात एक सत्र लागलं होतं. मी "साधारण तसंच" म्हणालो.

"मग ऐक. सगळ्यांचा खांदा एका आकड्यात असतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण ज्याचे दोन खांदे सारखे नाहीत त्याचे आम्ही दोन आकडे लिहितो, मानेपासून इकडचा एक आणि तिकडचा एक, मधे तिरकी रेघ. शब्द नसतो, पण रेघ असते." ती एकदम उजळली. "अहो, ऐकलंत का? वाचू नका आता. चहा टाका."

नुसती तिरकी रेघ शोधून उपयोग नव्हता, कारण प्रत्येक ओळीच्या शेवटी तारीख होती आणि तारखेत रेघा. मावशीनं दोन बोटांनी टाइप केलं. आधी 'खांदा', मग टिंब, फुली, तिरकी रेघ. बटण दाबलं. सात हजार चारशे.

अण्णा म्हणाले, "सगळं गावच वाकडं निघालं की."

मला हसू आलं आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. म्हटलं, बघ, मी सांगत होतो ना? पण मावशी पडद्याकडे बघत होती. "भोक फार मोठं ठेवलं मी," ती पुटपुटली. "खांद्यापासून सुटलं ते थेट तारखेपर्यंत गेलं. मधे आकड्यांशिवाय काही येऊ द्यायचं नाही." आता तिनं 'खांदा' लिहिलं, एक जागा सोडली आणि [०-९]+ लिहिलं, मग रेघ, मग पुन्हा तेच. आठ ओळी आल्या.

सात हजार चारशांतून आठ! अण्णांनी पुढं वाकून बघताना चहा सांडला. मावशी एकेक ओळ वाचायला लागली. "'घंटा वाजवून येणारे', नव्हे. 'पावसाळी बूटवाल्या', नव्हे." मधे एका ओळीवर तिनं पटकन अंगठा ठेवला, "हा नव्हे," म्हणाली आणि पुढं सरकली. आठही संपल्या. पोस्टमनकाका त्यांत नव्हते.

मी घड्याळाकडे बघितलं. चार वाजता ते माप द्यायला येणार होते आणि साडेतीन झाले होते. मला आता खाकाही सुचेना आणि प्रोग्रामही सुचेना. मावशीनं टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग ती एकदम अण्णांकडे वळली.

"अहो, तुम्ही साडेआठ कसं लिहिता?"

"आठ आणि दोन दंड."

"आणि सव्वानऊ?"

"नऊ आणि एक दंड. का? तीच बरोबर रीत आहे."

"बरोबरच आहे. पण याला कुठं माहितीये?" मशीनकडे बोट दाखवत ती म्हणाली आणि कंसात शून्य ते नऊच्या पुढं एक दंड आणि एक जोडदंड टाकला. दोन्ही कंसांत. माझ्या लक्षात यायला हवं होतं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, हे मी इथं लिहून ठेवतो. तिनं बटण दाबलं. अकरा ओळी आल्या. वाढलेल्या तिनांतली दुसरी ओळ अशी होती:

'जिना चढून येणारे. छाती ३९ खांदा ८॥/९। बाही २४. उजवीकडे दोन पदर, डावीकडे पाच, शेवटचा लोकरीचा, कापूस नको. शेवटचं फिटिंग. आरशात बघून हसले.' आणि पुढे तारीख.

मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! जिना!" तेव्हा दुकान तिसऱ्या मजल्यावर होतं. बाकीचे सगळे पोस्टमन खालून हाक मारायचे, पत्र घेऊन जा म्हणायचे. हे एकटे ती भली मोठी थैली घेऊन तीन मजले चढून यायचे, कारण मावशीचा गुडघा दुखायचा. दुकान खाली आलं आणि जिन्याबरोबर जिन्याची आठवणही गेली. मावशी हसत होती, डोळे पुसत होती आणि अण्णांना चहा सांडल्याबद्दल बोलत होती, सगळं एकदम. मी उभाच होतो. मला इतका आनंद झाला होता की मी उगाचच इस्त्रीचं बटण लावलं आणि बंद केलं.

काका चार वाजता आले. दारात बिचकून थांबले. "ताई, जमेल का?"

"सात फिटिंगं नाही लागायची," मावशी म्हणाली. "दोनच."

दोनच लागली. मंगळवारी संध्याकाळी कोट झाला. बुधवारी आम्ही तिघंही गेलो, मावशी अर्थातच टेप घालून. शपथ झाली, टाळ्या झाल्या, मग कुटुंबीयांना मंचावर बोलावलं. काका पहिल्या रांगेतून उठले. पायऱ्या सहा होत्या आणि ते त्या सवयीनं भराभर चढले, थैली असल्यासारखे. वर जाऊन लेकीशेजारी उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा मागं." काका म्हणाले, "मागं बत्तीस वर्षं होतो. इथंच काढा." सगळं सभागृह हसलं. त्यांच्या खांद्यांवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हलला नसता. मावशी माझ्या कानाशी म्हणाली, "बाही पाव इंच लांब झाली रे." मी तिचा हात दाबला.

पुढच्या रविवारी मी सोळावं पान छापून वर्गात वाटलं आणि ते मी का फाडलं होतं तेही सांगितलं. मावशीनं उठून खाका दाखवला. खांद्याचा नाही, तारखांचा. खांद्याची गोष्ट ती कुठंही सांगत नाही. परिचारिकेनं तिथल्या तिथं आपल्या पाळ्यांच्या यादीत दोन चुका पकडल्या. वाणी म्हणाला, "मला नको बुवा. माझं सगळं डोक्यात आहे." मी त्याला बरं म्हटलं. सगळ्यांनी हे शिकावंच का, हे मला अजून सांगता येत नाही. वाण्याचं त्यावाचून अडत नाही. पण पान फाडायचा अधिकार माझा नव्हता. ज्याला आपलं काम ठाऊक आहे त्याला आपलं अडतं कुठं हेही माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आता एक गोष्ट राहिली. त्या शुक्रवारी मी मावशीच्या फाइलची एक प्रत जपून ठेवायला घेतली होती. तिनंच घे म्हटलं होतं. अंगठ्याखाली गेलेली ओळ माझ्या डोक्यातून जात नव्हती. त्या पहिल्या आठ ओळींतल्या तिनं सातच मोठ्यानं वाचल्या होत्या. दुसऱ्याचं उणं बघू नये हे मला कळतं, आणि तरी एका सकाळी मी तोच खाका टाकला. बाकीच्या ओळी मी वाचल्या नाहीत. ती वाचली.

'आमचा शहाणा. छाती ४० खांदा ८/९ बाही २५. सातवीत पडला तेव्हापासून. डावीकडे एक पदर जास्त. त्याला कळू देऊ नये.'

मी आरशासमोर जाऊन शर्ट काढून उभा राहिलो. दिसत होतं. मुद्दाम बघितलं की अगदी स्वच्छ दिसत होतं. तीस वर्षं शाळेचा गणवेश, कॉलेजचा कोट, लग्नाचा कोट, प्रत्येकात डावीकडे एक पदर जास्त. आणि मी नऊ शर्ट परत केले होते. त्या दुकानदाराची मला मनापासून दया आली. मग मी एकटाच मोठमोठ्यानं हसलो आणि हसता हसता रडलो. मला आयुष्यात कुणी इतकं सांभाळलंय, हे मला कॉम्प्युटरमधून कळलं.

त्याच दिवशी कापड घेऊन मी मावशीकडे गेलो. "शर्ट शिव. तयार शर्टांचं काही खरं नाही."

"हो रे बाबा, आंधळे असतात मेले," ती म्हणाली आणि टेप काढून माझ्या मागं आली. टेप आधी उजव्या खांद्यावर थांबली, मग डाव्या.

"खांदा सतरा," तिनं अण्णांना मोठ्यानं सांगितलं आणि खडू टेबलावर दोनदा आपटला. अण्णांनी सतरा टाइप केलं नाही. त्यांनी ती जागा रिकामी ठेवली, मी गेल्यावर भरायला. मी समोर खिडकीकडे बघत जमेल तितका ताठ उभा राहिलो.

"खडूची धूळ फार झाली आहे," मी म्हटलं.

"हो ना," मावशी म्हणाली. "हात वर कर."